मोर आहे, पण कुठल्या विहिरीचा?

आमच्या शेडवर येणारं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं असतं. एक विचारतं, "हे काय आहे?" दुसरं विचारतं, "हे कशासारखं दिसतंय?" दुसऱ्या तऱ्हेचं जास्त. मोर, हंस, कासव, साळिंदर यांना बारमाही मागणी. गणेशोत्सव जवळ आला की गणपतीला. दगड हातात धरून माणसं तो उलटासुलटा फिरवतात, मान तिरकी करतात, एक डोळा मिटतात, आणि सोंड सापडली की चेहरा खुलतो. मग भाव विचारतात.

राहुरी तालुक्यात एका व्यापाऱ्याकडे खनिजांचे नमुने धुणं, निवडणं आणि बांधणं हे माझं काम. भूगोल घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन या भागात आले, शेतीला जोड हवी म्हणून शेडवर लागले आणि तिथलीच झाले. आमच्याकडे या मालाला सरसकट 'गारा' म्हणतात. स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट ही नावं टेबलावर पडतात. विहिरीतून वर येताना ती नुसती गार असते.

आणि ती बहुधा विहिरीतूनच येते, हे शहरातल्या गिऱ्हाइकाला खरं वाटत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे बोगदे, कंदील, हिऱ्यांच्या खाणी असतात. इथे गारेसाठी खणत कुणीच नाही. शेतकरी पाण्यासाठी विहीर खणतो, खाणवाला खडीसाठी पाषाण फोडतो, रस्त्याचं काम चाललं की डोंगराची कड कापली जाते. गार मध्येच भेटते. वरची माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, त्याच्या थरांमध्ये मांजऱ्या लागतो. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. यारीवर काम करणारी माणसं सांगतात, ड्रिल मारताना ती एकदम सैल होऊन आत गेली की समजायचं, पोकळी आहे. कधी तिथून पाण्याची चिळकांडी उडते, कधी नुसता दमट वास येतो. व्यापारी त्या पोकळीला 'पॉकेट' म्हणतात. पॉकेट लागलं की बातमी फटफटीवरून तालुकाभर जाते. पण तोवर सुरुंगाने निम्मं काम तमाम केलेलं असतं. जे शाबूत निघतं ते नशिबाने.

ही पोकळी आली कुठून? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यातूनच सह्याद्री झाला आणि आपलं दख्खनचं पठार झालं. प्रत्येक थर थंड होताना आतले वायू वर निघू पाहतात; वरचा भाग आधीच घट्ट झालेला असतो, म्हणून बुडबुडे तिथेच अडकतात. कुठे ते मुगाएवढे, कुठे माणूस वाकून आत शिरेल एवढे. पुढे लाखो वर्षं गरम पाणी खडकाच्या भेगांतून फिरत राहिलं. खडकातला चुना, सोडा, सिलिका, ॲल्युमिना त्यात विरघळला आणि या पोकळ्यांत थराथराने जमला. पाणी जसं बदललं, तापमान जसं उतरलं, तसं एका खनिजावर दुसरं बसलं. गार ही पोकळीच्या भिंतीवर वाढते. आतल्या मोकळ्या जागेत तिला जेवढं पसरता येईल तेवढं ती पसरते. मोराचा पिसारा काय आणि साळिंदराचे काटे काय, मुळात एवढ्याच गोष्टीचे परिणाम: मोकळी जागा, निवांत पाणी आणि भरपूर वेळ.

आकारांची कारणं कळायला मला पुस्तकांपेक्षा धुण्याच्या टेबलाने जास्त मदत केली. स्टिल्बाइट घ्या. त्याचे चपटे स्फटिक एकमेकांना चिकटून वाढतात, पण अगदी समांतर नाही; प्रत्येकाचा कोन थोडा थोडा सरकत जातो. म्हणून मध्ये आवळलेलं आणि दोन्ही टोकांना उमललेलं असं रूप येतं. आमच्या शेडवरच्या मावशी त्याला 'पेंढी' म्हणतात, कारण कापणीला गेलेल्या बाईला ते बाजरीच्या पेंढीसारखंच दिसणार. परदेशी व्यापारी त्यालाच 'बो टाय' म्हणतात. मुंबईहून आलेल्या एका मुलीने पाहताक्षणी 'फुलपाखरू' म्हटलं. दगड एकच, नावं तीन, आणि तिन्ही नावं दगडाविषयी कमी, बघणाऱ्याविषयी जास्त सांगतात.

स्कोलेसाइटच्या सुया एका बिंदूपासून निघतात. त्या भिंतीला चिकटून वाढल्या तर पंखा होतो, मोकळ्या जागेत वाढल्या तर अर्धगोल. पहिल्याचा मोर, दुसऱ्याचं साळिंदर. मेसोलाइटच्या सुया केसाहून बारीक. टेबलाजवळ कुणी शिंकलं तरी धडकी भरते. मुंबई-पुण्याकडचा ओकेनाइट आला की शेडवरच्या सगळ्या बायका त्याला हात लावायला धावतात. पांढऱ्याशुभ्र, बारीक तंतूंचे गोळे. कुणाला ससा दिसतो, कुणाला कापसाचं बोंड. पण ओकेनाइटला पाणी लागू द्यायचं नाही. तंतू एकदा भिजून एकमेकांना चिकटले की परत सुटत नाहीत. सशाची ओली गोधडी होते. आमच्याकडे तो माल फक्त हवेच्या हलक्या फवाऱ्याने साफ करतात.

हंस आणि बदकं बहुतेक कॅल्सिडनीची. पोकळीच्या छतावरून सिलिका उतरत येते, एखाद्या बारीक तंतूभोवती जमते आणि बोटाएवढा लोंबता दांडा तयार होतो. पुढे त्यावर स्टिल्बाइट किंवा ॲपोफिलाइट बसतं. दांडा जरा वाकडा असला आणि टोकाला गोळा असला की झाला हंस. कॅल्साइटचे दोन स्फटिक ठरावीक कोनात जुळे वाढले तर बदामाचा आकार येतो. त्याला लग्नसराईत भाव असतो, हे भूगोलाच्या कुठल्या पुस्तकात मला सापडलं नसतं.

राहुरीचं नाव मात्र जगभर गाजलं ते वेगळ्याच आकारामुळे. शहराला लागून असलेल्या मोमीन आखाड्याला 2001 मध्ये एका विहिरीच्या खोदकामात हिरवं ॲपोफिलाइट निघालं. ॲपोफिलाइटचा स्फटिक चौकोनी खांबासारखा असतो. इथे असंख्य खांब एका मध्यबिंदूभोवती सगळीकडे वाढले होते आणि प्रत्येकाचा चकचकीत माथा बाहेर वळलेला होता. प्रकाश पडला की गोळा सगळ्या बाजूंनी लखलखायचा. परदेशातल्या संग्राहकांनी त्याला 'डिस्को बॉल' म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. हिरवा रंग येतो तो अत्यल्प व्हॅनेडियममुळे. मी कामाला लागले तोवर तो माल केव्हाच गेला होता. आजही त्यातला एखादा गोळा जुन्या संग्रहातून विक्रीला निघाला की त्याचं चित्र शेडवरच्या प्रत्येक मोबाइलवर फिरतं. आमच्या मावशींनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाल्या, "सीताफळ गं!" मला ते नाव जास्त आवडतं. डिस्को कुणाच्या गावात होता?

धुण्याचं काम दिसतं तितकं सोपं नाही. माल चिखलात बरबटून येतो. आधी नुसतं पाणी, मग मऊ ब्रश, मग दात साफ करायच्या हत्यारासारखी बारीक सुई. लोखंडाचा तांबूस गंज असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी. पण त्याच नगावर कॅल्साइट असेल तर ते वापरायचं नाही, कारण कॅल्साइटवर न जाणारी पांढरी साय धरते. कडक ॲसिड तर आमच्या मालाचा वैरीच. कॅल्साइट त्यात फेस येऊन विरघळतं, स्कोलेसाइटचा चिकट लगदा होतो. म्हणून हात लावण्याआधी नगावर काय काय आहे ते ओळखावं लागतं. कठीणपणाच्या मोजपट्टीवर ओळख पटते: कॅल्साइट तीन, स्टिल्बाइट चारच्या आत, ॲपोफिलाइट पाचच्या आत, गारगोटी सात. ॲपोफिलाइटच्या माथ्यावर मोत्याची चमक असते आणि ते त्याच पातळीत पटकन फुटतं. एवढं कळलं की निम्मी नासधूस टळते.

खरी परीक्षा धुतल्यानंतर असते. समोर एक मोर आहे. पिसारा सुरेख, मान आहे, पण चोच नाही. शेजारच्या ट्रेमध्ये तुटलेल्या सुयांचा ढीग आहे. डिंकाचा एक थेंब, आणि भाव तिप्पट. या धंद्यातला सगळ्यात मोठा मोह हाच. कासवाचं डोकं चिकटवलेले, गणपतीचा कान घासून आणलेले नग, गुलाबी आणि निळ्या रंगात बुडवलेले ओकेनाइट मी बाजारात पाहिले आहेत. ते ओळखताही येतात. दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली जोडावर डिंकाची कड दिसते. काळोखात अल्ट्राव्हायलेट टॉर्च मारली की बरेच डिंक निळसर पांढरे उजळतात. रंगवलेल्या ओकेनाइटचा रंग तंतूंच्या मुळाशी साचलेला दिसतो. आमच्या शेठनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "बाई, दगडाला मदत करायची नाही." मी त्यात माझी भर घातली: केलीच, तर नगासोबतच्या चिठ्ठीवर लिहायची.

लिहिण्याने आणि लपवण्याने केवढा फरक पडतो, याची दोन उदाहरणं मी शेडवर नव्या आलेल्या मुलींना सांगते. तैवानची राजधानी तैपेई. तिथल्या राजवाडा संग्रहालयात एक प्रसिद्ध दगड आहे: वरती कातडी, खाली चरबी आणि मांसाचे थर, हुबेहूब शिजवलेल्या मांसाचा तुकडा. थर निसर्गाने दिले. पण वरच्या 'कातडी'वरची बारीक छिद्रं आणि तपकिरी रंग कारागिराने दिला. संग्रहालय हे उघड सांगतं, म्हणून त्या दगडाची किंमत कमी होत नाही. दुसरं उदाहरण जर्मनीतल्या वुर्झबर्गचं. तिथल्या योहान बेरिंगर या प्राध्यापकाला 1725 मध्ये डोंगरात सरडे, बेडूक, कोळी, सूर्य-तारे कोरल्यासारखे दगड सापडू लागले. निसर्गाचीच ही करामत समजून त्याने 1726 मध्ये त्यावर ग्रंथ छापला. ते दगड त्याच्याच सहकाऱ्यांनी कोरून तिथे पेरले होते. बेरिंगर अडाणी नव्हता, विद्यापीठातला वैद्य होता. पण आकार इतका हवाहवासा होता, की तो आला कुठून, हे विचारायला त्याने उशीर केला.

आपल्याकडे मात्र दगडाकडे बघण्याची आणखी एक रीत आहे आणि ती मला या कामामुळे नव्याने कळली. आमच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा आहे. तिला ना चेहरा, ना हात. महाराष्ट्रात कितीतरी देव्या तांदळ्याच्या, म्हणजे न घडवलेल्या दगडाच्या, रूपात पुजल्या जातात. पंचायतनात विष्णू म्हणजे गंडकीचा शाळिग्राम, शंकर म्हणजे नर्मदेचा बाण, गणपती म्हणजे शोण नदीचा तांबडा दगड, सूर्य म्हणजे स्फटिक, देवी म्हणजे धातूची चमक असलेला दगड. गंमत पाहा: त्या तांबड्या गणपतीला सोंड नसते. तो गणपती ठरतो तो कुठल्या नदीचा यावरून. म्हणजे आपल्या पूर्वजांनी देवाची ओळख आकारावर नव्हे, ठिकाणावर ठेवली होती. शाळिग्राम तर मुळात अमोनाइट या समुद्री जिवाचा जीवाश्म. तिथे चक्राचा आकार खरोखरच जिवाचा आहे, आपल्या डोळ्यांचा खेळ नाही.

आकाराचं कौतुक मी कमी लेखत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रात जाऊन रांजणखळगे पाहा. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरत राहिले, पाषाण कोरला गेला आणि रांजण झाले. वडगाव दर्याला गुहेच्या छतातून झिरपणाऱ्या पाण्यातल्या चुन्याचे खांब लोंबतात. लहान मुलं तिथे हत्ती, सिंह, मारुती शोधतात आणि त्यांना ते सापडतात. माणसाच्या मेंदूला चेहरे शोधायची सवयच आहे. ढगात, भिंतीवरच्या ओलीत, भाकरीच्या डागातही. मुलं दगडाजवळ येतात ती हत्तीमुळेच. हरकत हत्तीला नाही. हत्ती दिसल्यावर चौकशी थांबते, त्याला आहे.

त्याचा अनुभव टेबलावर येतो. एकदा लॉमोंटाइटचा एक नग आला होता, अगदी बसलेला हत्ती. एका गिऱ्हाइकाने तो हट्टाने घेतला आणि काचेच्या कपाटात, दिव्याखाली ठेवला. लॉमोंटाइटच्या स्फटिकात पाणी असतं. कोरड्या हवेत ते निघून जातं आणि खनिज भुगा होऊन गळतं. काही महिन्यांत हत्तीची सोंड पावडर झाली. खनिजाचं नाव विचारून घेतला असता तर तो कुठे ठेवायचा नाही हे त्यांना आधीच कळलं असतं.

ठिकाणाचंही तसंच. सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांचं 'गारगोटी' संग्रहालय आहे. नौदलात काम केलेल्या या माणसाने दख्खनची खनिजं एका छताखाली आणली. तिथे गेलात तर आकार बघाच, पण पाट्याही वाचा. अमुक खनिज, अमुक गाव, अमुक जिल्हा. वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट वाघोलीचं म्हणूनच जगात ओळखलं जातं. मूळ नोंद 1973 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनची, पण आज संग्राहकाच्या कपाटातला निळा गोळा म्हटला की पुणे जिल्ह्याचं नाव येतं. हे शक्य झालं कारण कुणीतरी चिठ्ठीवर 'वाघोली' लिहिलं.

आमच्या धंद्यात ही चिठ्ठी सगळ्यात आधी हरवते. विहिरीवरून माल पोत्यात येतो, तीन गावांची पोती एका टेंपोत, आणि शेडवर उतरताना सगळं 'राहुरी'. काही व्यापारी मुद्दाम ठिकाण लपवतात, म्हणजे दुसरा कुणी त्या विहिरीवर जाऊ नये. काही जण जिथलं नाव चालतं तिथलं नाव लावतात. संगमनेरचं पॉकेट जळगावचं होतं. त्याने आज चार पैसे मिळतात, पण उद्या कुणा भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'कुठल्या थरात कुठलं खनिज' हा नकाशा करायचा असेल तर त्याच्या हाती खोट्या खुणा लागतात. विहीर तोवर पाण्याने भरलेली असते, नाहीतर काँक्रीटने बांधलेली. ती परत कुणी उपसणार नाही. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जगभरच्या कपाटांत आमच्या मालावर जुनं नाव आहे, पुढच्या मालावर नवं येईल. शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला हे दोन जिल्हे वाटू नयेत म्हणून मी आता प्रत्येक चिठ्ठीवर दोन्ही नावं, तालुका आणि गाव लिहिते.

तेव्हा ज्यांच्या शिवारात विहीर चालू आहे त्यांना माझं सांगणं आहे. ड्रिल सैल झाली, पोकळी लागली, तर पुढचा सुरुंग लगेच लावू नका. आत वाकू नका, हात घालू नका. भिंत कच्ची असते आणि काचेसारखी धारही. दिवसाउजेडी, दोराने बांधून, जाणत्या माणसाकडून माल काढा. पहार शेवटी, आधी छिन्नी. निघालेला प्रत्येक नग वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि आत एक कागद टाका: गाव, तालुका, गट नंबर, किती फुटांवर, कुठली तारीख, वर कुठला खडक आणि खाली कुठला. एक-दोन नग विकू नका; गावच्या शाळेला द्या, त्याच कागदासह. मुलांना त्यात मोर दिसो नाहीतर हंस. तो आपल्याच गावच्या विहिरीचा आहे, हे त्यांना वाचता आलं पाहिजे. आणि विकत घेणाऱ्यांनो, आकार आवडला तर जरूर घ्या, पण पैसे मोजण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे काय आहे, आणि कुठलं आहे? दोन्हींची उत्तरं नसतील तर भाव निम्मा करायला सांगा. त्या दगडाची तेवढीच किंमत आहे.